ड्रमकेलचे गडगे

पद्माकर गोताडने साउथहॅम्प्टनच्या रस्त्यांवर बावीस वर्षं बस चालवली. म्हणजे पहिली तीन कंडक्टर म्हणून तिकिटं फाडली आणि पुढची एकोणीस स्टिअरिंगवर काढली. एकोणीस वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा गेला नव्हता. मराठी मंडळाच्या दिवाळीला डॉक्टरमंडळी ऑपरेशनच्या गोष्टी सांगायची, तेव्हा पद्माकर कोपऱ्यात गप्प बसायचा. पण कुणी पार्किंगचा विषय काढला की त्याची खुर्ची हळूच पुढे सरकायची.

नोव्हेंबर १९८६ मध्ये शर्ली भागातल्या स्टॉपवर बस उभी असताना त्याच्या छातीत कळ आली. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, दरवाजे उघडले, आणि मग पहिल्या सीटवरच्या बाईंना म्हणाला, "मॅडम, कुणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगता का?" जीव वाचला. बस चालवायचं लायसन्स मात्र गेलं. कायदाच तसा होता, कुणाचा दोष नव्हता. डेपोत त्याला बसून करायचं काम दिलं, दुसऱ्यांच्या ड्युट्या लिहायचं. चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी घरीच राहिला.

त्याची बायको आशा हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये होती. सकाळी सात ते तीन चादरी मोजायच्या, फाटलेल्या शिवायच्या. ती घरी यायची तेव्हा पद्माकर पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेला असायचा. "सतरा नंबर आज सहा मिनिटं लेट होती," तो सांगायचा. सुरुवातीला तिला त्याचा वैताग आला. पण मार्चमध्ये एक दिवस तिच्या लक्षात आलं, की हल्ली तो बसविषयी काहीच बोलत नाही. खिडकीशी बसतो, पण बाहेर बघत नाही. त्याच संध्याकाळी तिने मुलीला फोन लावला.

मुलगी वीणा तेव्हा बावीस वर्षांची, इंग्लंडातच वाढलेली, ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत नुकतीच लागलेली. आईचा फोन आल्यावर तिने ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीचं एक कॉटेज आठवड्यासाठी घेतलं. थेट स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, गॅलोवे भागात, ड्रमकेल नावाच्या खेड्यात.

"बाबा, आय हॅव बुक्ड इट," ती फोनवर म्हणाली. "जूनच्या पहिला आठवडा. नो आर्ग्युमेंट्स."

"तिथे काय आहे?"

"काहीच नाही आहे. दॅट्स द पॉइंट!"

वीणाच्या फिएस्टा गाडीतून तिघं निघाले. डम्फ्रीज मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला, आणि दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर वर येऊ लागले. ड्रमकेल म्हणजे एक रस्ता, त्याच्या दोन अंगांना पंचवीस-तीस पांढरी घरं, एका टोकाला दगडी चर्च, दुसऱ्या टोकाला पोस्ट आणि किराणा एकाच खोलीत असलेलं दुकान. मधे पत्र्याच्या छपराचा हॉल. गावामागून एक ओढा वाहत होता आणि त्याच्यापलीकडे नुसत्या मेंढ्या.

आशा आणि वीणा सामान आत नेत होत्या. पद्माकर दाराशीच थांबला होता.

"काय बघताय?" आशाने विचारलं.

"गडगे," तो म्हणाला.

डोंगरभर, पार माथ्यापर्यंत, दगडाच्या ओळी चढत गेल्या होत्या. कुठे सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही. दगडावर नुसता दगड. संगमेश्वर तालुक्यातल्या त्याच्या गावी शेताला आणि आंब्याच्या कलमांना घालतात तसेच गडगे. त्याचे वडील, गावाचे गणूआबा, पावसाळा सोडला तर आठ महिने हेच काम करायचे. पंचक्रोशीतल्या निम्म्या बागांचे गडगे त्यांच्या हातचे. पद्माकरही सोळाव्या वर्षापर्यंत त्यांच्या हाताखाली होता. मग मुंबई, आणि चौसष्ट साली इथे. तेव्हापासून त्याने दगडाला हात लावला नव्हता.

"तिकडे काळा असतो, इथे करडा आहे," तो म्हणाला. त्या संध्याकाळी तो चार वेळा बाहेर जाऊन आला. आशाने मोजलं.

तिसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली. तिघं टेकडीवरून समुद्र बघून परत येत होते. रस्ता एका गाडीपुरताच. समोरून ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर आला. वीणाला गाडी मागे घेऊन रुंद जागेपर्यंत जायला हवं होतं.

"थांब, मी उतरतो. मी सांगतो तसं घे," पद्माकर म्हणाला. गाडीमागे उभा राहून त्याने हात हलवायला सुरुवात केली. "ये... ये... उजवीकडे... ये..."

मागच्या चाकाकडे बघता बघता गडग्याचं पोट रस्त्यावर किती पुढे आलंय, हे त्याच्या नजरेतून सुटलं. बंपर हलकेच टेकला असेल नसेल. क्षणभर काहीच झालं नाही. मग वरचा एक दगड डुलला, खाली आला, आणि त्याच्यामागोमाग पंधरा फूट गडगा धडाधड रस्त्यावर ओतला गेला.

"बाबा!" वीणा किंचाळली. "माझा गाडी!"

ट्रॅक्टरवरून साठीच्या आसपासची एक उंच बाई उतरली. डोक्याला रुमाल, पायात गमबूट. नाव इझोबेल मॅकमिन. ते शेत तिचंच. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून एकटीच बघत होती. तिने आधी विचारलं, "कुणाला लागलं का?" नाही म्हटल्यावर शांतपणे ट्रॅक्टरवर चढली आणि ट्रेलर त्या खिंडारासमोर आडवा लावला, कारण दोन मेंढ्या आधीच बाहेर डोकावत होत्या. मग पद्माकरकडे वळून म्हणाली, "दोन हिवाळे फुगला होता तो. आज ना उद्या पडणारच होता. मनाला लावून घेऊ नका."

पद्माकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एकोणीस वर्षं, आणि शेवटी स्वतःच्या मुलीच्या गाडीला स्वतःच्या हाताच्या खुणेनं! "मी बांधून देतो," तो म्हणाला.

इझोबेलने त्याच्याकडे पाहिलं. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. "डाइक बांधता येतो तुम्हाला?" तिकडे गडग्याला डाइक म्हणतात.

"माझे वडील बांधायचे. इंडियात. मीही बांधलेत."

इझोबेलने वाटेतला एक दगड बुटाने बाजूला सारला. मग म्हणाली, "कधी सुरू करता?"

कॉटेजवर पोचताच आशाने तोंड सोडलं. "अहो, भाजीची पिशवी जपून उचला म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी! आणि तुम्ही डोंगराचे दगड उचलणार? मला इथून एकटीला परत पाठवायचंय का?"

"माझ्यामुळे पडलाय."

"ती म्हणाली ना, पडणारच होता!"

"ती म्हणाली. तिचा मोठेपणा."

शेवटी वीणानेच तोडगा काढला. पोस्टासमोरच्या फोनच्या लाल पेटीतून तिने डॉक्टर पाटणकरांना फोन लावला. चंद्रशेखर पाटणकर हॉस्पिटलात हृदयविकाराचे डॉक्टर होते, मंडळातले, घरच्यासारखे. त्यांनी आधी पद्माकरला भरपूर झापलं. मग विचारलं, रोज किती चालता, चढावर दम लागतो का, दगड केवढे आहेत. शेवटी म्हणाले, "पद्माकरराव, सात महिने झालेत, प्रगती चांगली आहे. लहान दगड तेवढे उचला. मोठ्यांना हात लावायचा नाही. आणि दगड हातात असताना बोलत राहायचं. बोलता येईना झालं की दगड खाली, काम बंद. वहिनींना फोन द्या." वहिनींनी सगळं पुन्हा ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटेजमधली एक खुर्ची आणि विणकाम घेऊन गडग्यापाशी जाऊन बसल्या.

पायाचे धोंडे इझोबेलने ट्रॅक्टरने सरकवून दिले. पद्माकरने पडलेले दगड आकारानं वेगळे मांडले: मोठे एकीकडे, मधले एकीकडे, आत भरायच्या चिपा तिसरीकडे. हाताला हळूहळू आठवायला लागलं. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायला हवा, सांधमोड झाली पाहिजे. एवढं तर डोळे मिटूनही कळत होतं. अडचण होती ती बोलायची. नुसतं बोलायचं तरी काय? "आशा, हा घेतला. हा ठेवला. हा घेतला." अर्ध्या तासात आशा म्हणाली, "अहो, काहीतरी दुसरं बोला हो."

संध्याकाळपर्यंत सहा फूट लांबीचे तीन थर उभे राहिले. दर्शनी बाजूला लांबलचक, गुळगुळीत दगड. देखणं दिसत होतं. पद्माकर दोनदा रस्त्यापलीकडे जाऊन बघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा काठी टेकत आला. वॉट हेरन. पंचाहत्तरीचा, बुटका, गुडघे गेलेले. त्या भागातले बरेचसे डाइक त्याने नाहीतर त्याच्या बापाने बांधलेले. बादली पालथी घालून तो बसला आणि बोलू लागला. मेंढ्या, हवा, शेजारी, १९४७चा बर्फ, काय काय. त्याच्या तोंडच्या त्या तिकडच्या भाषेतला पद्माकरला चारात एक शब्द कळत होता. पद्माकरचं इंग्रजी साउथहॅम्प्टनच्या बसमधलं. ते वॉटला तेवढंही कळत नव्हतं. दोघांनाही इंग्रजी येत होतं, पण एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. दहा मिनिटं प्रयत्न केल्यावर पद्माकरने विचार केला, नाहीतरी डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय, कळायला पाहिजे असं कुठे सांगितलंय? तो सरळ मराठीत सुरू झाला.

"वॉटकाका, हा दगड बघा, याला बूडच नाही. कुठे बसणार हा?"

वॉटने मान हलवली आणि आपल्या भाषेत लांबलचक उत्तर दिलं. काठीनं एका दुसऱ्या दगडाकडे बोट केलं. तो बरोबर बसला.

दुपारी वॉट उठला. कालच्या कामाजवळ गेला आणि काठीच्या टोकानं एकेका देखण्या दगडावर टकटक केलं. एक, दोन, तीन, चार. मग त्यातला एक ओढून बाहेर काढला, फिरवला, आणि लांब बाजू आत घालून पुन्हा बसवला. बाहेर आता त्याचं वाकडंतिकडं टोक तेवढं दिसत होतं.

पद्माकर बघत राहिला. आणि पस्तीस वर्षांमागचा आबांचा आवाज त्याच्या कानात स्वच्छ उमटला. "दगडाचा लांबडेपणा पोटात घाल रे. तोंड दाखवून गडगा टिकत न्हाय." हेच, अगदी हेच. इतक्या वर्षांत विसरलो होतो. दिसायला चांगलं म्हणून सगळा दगड पुढे मिरवत बसलो होतो.

"अगं, आबा हेच सांगायचे!" तो आशाला म्हणाला. त्याने कालचे तिन्ही थर स्वतःच्या हाताने उतरवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.  आशा विणकाम मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. सात महिन्यांत तो पहिल्यांदाच तिला हौसेने काहीतरी सांगत होता.

शनिवारी कॉटेज सोडायचं होतं. गडगा छातीपर्यंत आला होता, पण वरची उभ्या दगडांची रांग राहिली होती. वीणाला सोमवारी ऑफिस.

"झालं तेवढं झालं," पद्माकर म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला होता.

आशा उठली, पर्समधली नाणी घेतली आणि फोनच्या पेटीकडे गेली. लिनन रूमच्या सुपरवायझरला तिने सांगितलं, की मला आणखी चार दिवस रजा हवी आहे. कारण विचारल्यावर म्हणाली, "फॅमिली रीझन." परत येऊन वीणाला म्हणाली, "तू जा गं पुढे. आम्ही ट्रेननं येतो. इझोबेलच्या घरी वरची खोली रिकामी आहे, मी विचारलंय तिला."

"आई, यू वेअर सो अगेन्स्ट इट!" वीणा म्हणाली.

"होते. मग काय आता?"

मंगळवारी शेवटचा दगड बसला. इझोबेलने आडवा ट्रेलर काढला, गडग्यावर चढली आणि वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. एकही दगड हलला नाही. खाली उतरून तिने हात पुढे केला. "मिस्टर गोताड," ती म्हणाली, "माझ्या शेतात आणखी अकरा ठिकाणी असं पडलंय. सप्टेंबरमध्ये काय करताय?"

अशी सुरुवात झाली. पहिल्या वर्षी सप्टेंबरात पंधरा दिवस, मग दर वर्षी वसंतात तीन आठवडे आणि पुन्हा शरदात तीन. आशा आपली सगळी रजा त्यात घालायची. इझोबेलची वरची खोली त्यांचीच झाली. तिथल्या कपाटात पद्माकरची जाड पँट आणि हातमोजे कायम असायचे. डॉक्टर पाटणकर दर सहा महिन्यांनी कार्डिओग्राम काढायचे आणि म्हणायचे, "तुमच्या त्या दगडांचं काय औषध आहे ते मला एकदा लिहून द्या."

आशाचंही तिथे बस्तान बसलं. हॉलमध्ये गावच्या बायका महिन्यातून एकदा जमायच्या. त्यांनी तिला भारतावर चार शब्द बोलायला बोलावलं. भाषणाच्या कल्पनेनं तिची झोप उडाली. शेवटी जाताना ती अर्धवट शिवलेली गोधडी घेऊन गेली, मधोमध सतरंजीसारखी पसरली आणि टाके घालायला बसली. पाच मिनिटांत दोन बायका सुई-दोरा मागून शेजारी येऊन बसल्या. भाषण राहिलंच.

१९९२च्या जानेवारीत वादळात एक जुनं झाड चर्चच्या स्मशानाच्या डाइकवर कोसळलं. वीस फूट भिंत गेली. वॉटला आता उभं राहणंही जड जात होतं. चर्चच्या सभेत इझोबेलने पद्माकरचं नाव सुचवलं. तेव्हा निवृत्त पोस्टमास्तर मिस्टर गिलेस्पी म्हणाले, "माणूस चांगला आहे, प्रश्न तो नाही. पण आपली माणसं जिथे पुरलीत, तिथलं काम आपल्याच माणसानं करावं."

वॉट बसल्या जागेवरून म्हणाला, "पाच वर्षं मी त्या माणसाशी बोलतोय. त्याचा एक शब्द मला कळलेला नाही आणि एकदाही आमचं भांडण झालेलं नाही. तुझ्याशी पन्नास वर्षं बोलतोय, सगळं कळतं आणि रोज भांडतो. आता आपला कोण ते तूच ठरव."

हॉलभर हसू फुटलं. ठराव झाला. हे सगळं पद्माकरला पुष्कळ पुढे, इझोबेलकडून कळलं. त्याला त्या वेळी एवढंच दिसलं, की एप्रिलमध्ये तो स्मशानाचा गडगा बांधत असताना रोज अकरा वाजता मिस्टर गिलेस्पी चहाचा थर्मास घेऊन येतात, भिंतीवर ठेवतात, मान हलवतात आणि जातात. पद्माकर म्हणायचा, "फार भला माणूस. बोलत नाही एवढंच."

वॉट तेव्हा ऐंशीचा होता. त्याला खुर्ची आणून दिली होती, अंगावर आशाची गोधडी. तो त्याच्या भाषेत बोलायचा, पद्माकर मराठीत. पद्माकरने त्याला आबांविषयी सगळं सांगितलं: ते दगडाला हात लावायच्या आधी दगडाभोवती एक फेरी मारायचे, रागावले की बोलायचे नाहीत, नुसता बांधलेला थर पाडायचे. वॉट मान हलवायचा. कुणास ठाऊक, कदाचित तोही त्याच्या बापाचंच सांगत असेल.

ऑक्टोबर १९९४ मध्ये, नुकतेच दोघं ड्रमकेलहून परतले होते, तेव्हा इझोबेलचा फोन आला. वॉट झोपेतच गेला होता.

पद्माकर म्हणाला, "मी येतो." आशाने बॅग भरायला घेतली. रजा उरली नव्हती. तिने सुपरवायझरला खरं कारण सांगितलं आणि तिला रजा मिळाली.

ते पोचले तेव्हा इझोबेलने पद्माकरच्या हातात एक छोटं छापील कार्ड दिलं. त्यावर एक चौकोन, चौकोनाभोवती आठ आकडे, आणि पाच या आकड्यापुढे शाईने लिहिलेलं: मिस्टर पी. गोताड.

"हे काय?"

"शवपेटीला आठ दोऱ्या असतात," इझोबेल म्हणाली. "आठ जण धरतात आणि पेटी खाली सोडतात. घरची माणसं आणि अगदी जवळची. वॉटने स्वतः नावं लिहून ठेवली होती. तुमची पाचवी दोरी, डाव्या खांद्यापाशी."

पद्माकरने कार्डावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. १९७१ साली आबा गेले, तेव्हा तार मिळाली ती चौथ्या दिवशी. विमानाचं तिकीट काढायची ऐपत नव्हती आणि काढलं असतं तरी पोचेपर्यंत काही उरलं नसतं. धाकट्या भावाने सगळं केलं. त्या दिवशीही पद्माकरने दुपारची ड्युटी केली होती, कारण घरी बसून काय करायचं ते त्याला सुचलं नव्हतं. बापाला खांदा दिला नाही, ही गोष्ट त्याने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. आशालाही नाही. पण आशाला माहीत होती.

"दोरीचं वजन कितीसं असतं?" आशाने हळूच इझोबेलला विचारलं.

"आठ जणांत वाटलं जातं. त्यांना जमेल."

स्मशानात बारीक पाऊस होता. पाद्रीणबाईंनी आकडे पुकारले तसे एकेक जण पुढे झाले. एक नंबरला वॉटचा मुलगा, ग्लासगोहून आलेला. चार नंबरला मिस्टर गिलेस्पी. पाच म्हटल्यावर पद्माकर पुढे गेला. काळी दोरी हातात आली. तिला खालून ओढ लागली तशी त्याने ती सावकाश सोडली. ओठ हलत होते. शेजारी उभ्या मिस्टर गिलेस्पींना वाटलं, हा प्रार्थना म्हणतोय. तो म्हणत होता, "सावकाश, काका. सावकाश. हां. बसला."

नंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविचेस. पद्माकरचे डोळे लाल होते. इझोबेल त्याच्याशेजारी येऊन बसली.

"मला एक कबुली द्यायची आहे," ती म्हणाली. "त्या पहिल्या वर्षी तुम्ही 'बांधून देतो' म्हणालात ना, तेव्हा माझा अजिबात विश्वास बसला नव्हता. पॉलिशचे बूट होते तुमचे! त्याच संध्याकाळी मी वॉटला फोन केला. म्हटलं, साउथहॅम्प्टनचा एक भला गृहस्थ उद्या अर्धा तास हौस करेल, परवा येऊन जरा नीट बांधून दे."

"आणि मग?"

"मग वॉट घरी आला आणि म्हणाला, त्या माणसाला कुणीतरी चांगलं शिकवलंय, विसरलाय एवढंच. त्याला आठवू दे. मी नुसता बसून राहतो."

पद्माकर हसायला लागला. हसता हसता पुन्हा डोळे भरले. "मिसेस मॅकमिन," तो म्हणाला, "माझं हार्ट खराब आहे हे कळल्यापासून प्रत्येक जण मला विचारायचा, आता कसं वाटतंय? बरं आहे ना? तुम्ही एकट्यांनी विचारलंत, कधी सुरू करता? मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत."

"आभार कसले?" इझोबेल म्हणाली. "मेंढ्या बाहेर येत होत्या."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात पद्माकरची बायपास झाली. डॉक्टर पाटणकरांनी या वेळी घासाघीस करू दिली नाही: आता दगड बंद, लहानही नाही. पद्माकरने ऐकलं. "तेवढं पुरे झालं म्हणायचं," तो म्हणाला. आशाला वाटलं होतं, पुन्हा खिडकीशी बसेल. पण तो एप्रिल उजाडायची वाट बघत होता.

१९९६च्या वसंतात दोघं ड्रमकेलला गेले. इझोबेलनेही शेत विकून टाकलं होतं आणि गावातच पोस्टाशेजारी छोट्या घरात राहायला आली होती. घर लहान, वरची खोली नाही. तिने बैठकीच्या खोलीत त्यांची सोय केली आणि स्वतःच शंभरदा माफी मागितली. पद्माकर म्हणाला, "या खोलीतून सगळा रस्ता दिसतो. वरच्या खोलीतून नुसत्या मेंढ्या दिसायच्या."

सकाळी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला, "मी जरा चर्चपर्यंत चालून येतो. डॉक्टरांनी रोज एक मैल सांगितलाय. जाऊन येऊन बरोबर मैल होतो. वीस मिनिटांत येईन."

दुकानाच्या दाराशी दुकानदारीणबाई भेटल्या. त्यांना ऑपरेशनची जखम कशी भरली ते सविस्तर ऐकायचं होतं. पुढे पोस्टाची लाल व्हॅन थांबली आणि पोस्टमननं खिडकीतून हात बाहेर काढून हात मिळवला. इझोबेलचं शेत घेतलेलं तरुण जोडपं भेटलं. वरच्या कुरणाचा डाइक फुगलाय, एकदा नुसतं बघून सांगाल का, म्हणाले. पद्माकरने तिथेच उभ्या उभ्या त्यांना सांधमोड म्हणजे काय ते हाताच्या बोटांनी समजावलं. हॉलपाशी दोन बायकांनी आशाची चौकशी केली आणि मंगळवारी गोधडीला ये म्हणून निरोप दिला. मिस्टर गिलेस्पी काठी घेऊन दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, आणि या वेळी चक्क बोलले. म्हणाले, "आत या. बसा." पद्माकर आत गेला आणि बसला.

इकडे इझोबेलच्या घरी आशा घड्याळाकडे बघून अस्वस्थ झाली होती. दीड तास झाला. शेवटी तिने कोट चढवला. "मी बघून येते. कुठे पडले-बिडले तर नसतील?"

इझोबेल खिडकीशी गेली आणि पडदा बाजूला केला. "मला दिसतोय तो," ती म्हणाली. "गिलेस्पीच्या दारातून बाहेर पडला. आता पाद्रीणबाईंनी गाठलं त्याला. बस तू. अजून अर्धा तास तरी येत नाही."

आशाने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पुन्हा चहाचं पाणी ठेवलं.